चौथीपर्यंतची सक्ती

लक्ष्मणराव गराड्यांची सायकल थेरगावच्या शिवारात दिसली, की वीटभट्टीवरची पोरं ‘नोटीसवाला आला, नोटीसवाला!’ असा कालवा करत नदीकडं पळत सुटायची. लक्ष्मणराव स्कूल बोर्डाचे हजेरी अधिकारी. राहायला चिंचवडला. सकाळी नावेत सायकल घालून पवना ओलांडायची आणि थेरगाव, रावेत, ताथवडे ही तीन गावं पालथी घालायची, हे त्यांचं काम. सात ते अकरा वर्षांचं मूल घरात असेल तर त्याला शाळेत घालायचं, असा कायदा झालेला होता. जे घालायचे नाहीत त्यांच्या हातात लक्ष्मणराव छापील नोटीस द्यायचे. दोन नोटिशींनंतर खटला.

त्यांना खरं तर मास्तर व्हायचं होतं. सातवीच्या फायनलला चांगले मार्क होते, पण ट्रेनिंगला नंबर लागला नाही तो नाहीच. मग ही नोकरी मिळाली. शिकवता आलं नाही तरी शाळेच्या दारापर्यंत तरी पोरं आणतो आपण, असं ते बायकोला, कुसुमताईंना, सांगत. आणि ते त्यांना मनापासून वाटतही होतं.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पिंपरीत कारखान्यांची बांधकामं निघाली होती, त्यामुळं नदीकाठच्या भट्ट्यांना उसंत नव्हती. तिथं अंबूबाई नावाची एक बाई विटा थापायची. नवरा त्याच वर्षी तापानं गेलेला. पदरात आठ वर्षांची हौसा आणि तान्हा दगडू. लक्ष्मणराव पहिली नोटीस घेऊन गेले तेव्हा अंबूबाईनं चिखलाचे हात वर करून दाखवले.

“दादा, कागद ठेवा त्या दगडाखाली. पर मला सांगा, पोरगी साळंत गेली तर ह्याला कोन धरल? मी का तुमी?”

“बाई, कायदा आहे. मी काय करू?”

“कायद्याला म्हनावं, ये अन् पोर घे कडंवर.”

भट्टीवरच्या बाया हसल्या. लक्ष्मणरावांना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या नोटिशीच्या वेळी त्यांनी खटल्याचं नाव काढलं आणि अंबूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी हौसा शाळेत आली, दगडूला कडेवर घेऊनच.

शाळा भरायची मारुतीच्या देवळाच्या पडवीत. चार इयत्ता, शहाऐंशी पोरं आणि एकटे मालोजी गुरुजी. ते गाव सोडून कुठं जायचे नाहीत आणि रागावले तरी छडी हातात घ्यायचे नाहीत. लक्ष्मणरावांना बघितलं की मात्र ते कपाळाला हात लावायचे.

“या! आणखी किती आणलीत? गराडे, पोरं आणायची सक्ती तुमच्यावर. मास्तर आणायची सक्ती कुणावर आहे, ते एकदा मला सांगा.”

“मी लिहिलंय बोर्डाला.”

“मीही लिहिलंय. तीन वर्षं झाली.”

तरी गुरुजींनी दगडूसाठी पडवीच्या वाशाला फडक्याची झोळी बांधू दिली. हौसा एका हातानं झोळीची दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातानं पाटीवर लिहायची. पहिले दोन महिने ती काही बोललीच नाही. मग एक दिवस गुरुजी चौथीला घातलेलं गणित पुन्हा पुन्हा समजावत होते, आणि पहिलीच्या रांगेतून हौसानं उत्तर सांगितलं. गुरुजींना वाटलं, चुकून जमलं असेल. त्यांनी दुसरं गणित घातलं. तेही तिनं सांगितलं. त्या दिवशी लक्ष्मणराव फेरीवर आले तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदा स्वतःहून त्यांना चहा विचारला.

पुढच्या तीन वर्षांत लक्ष्मणराव थेरगावला आले की देवळावरून गेल्याशिवाय राहायचे नाहीत. हौसा त्यांना वाचून दाखवायची. त्यांच्याच नोटिशी वाचायची, अडखळत नाही, एकदम खणखणीत. “‘कसूर केल्यास’ म्हंजी काय वो?” असं विचारायची. अंबूबाईचाही राग निवला होता. भट्टीवरचा मुकादम आठवड्याच्या विटांचा आकडा सांगायचा, तेव्हा ती हौसाला शेजारी उभी करायची. आकडा चुकायचा बंद झाला.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात चौथीची परीक्षा झाली. आसपासच्या अकरा गावांत हौसा पहिली आली. मालोजी गुरुजींनी पेढे आणले, लक्ष्मणरावांनी तिला एक वही दिली. अंबूबाईनं विचारलं, “आता फुडं?”

पुढं पाचवी. आणि पाचवी होती चिंचवडला, नदीपलीकडं. मोठी मुलं नावेतून जायची. पावसाळ्यात पाणी चढलं की आठ-आठ दिवस नाव बंद असायची, आणि सुरू असली तरी तेरा मुलगे आणि एकटी हौसा.

“मी न्हाई धाडायची,” अंबूबाई म्हणाली. “लोकं मला जगू देतील का? हितं असती पाचवी तर गेली असती.”

लक्ष्मणरावांनी पिशवीत हात घातला. सवयच ती. पिशवीत नोटिशींचा गठ्ठा होता, पण त्यातली एकही कामाची नव्हती. हौसाला अकरावं सरून बारावं लागलं होतं. कायद्याच्या लेखी आता ती कुणीच नव्हती.

त्यांनी थेरगावात पाचवी उघडण्यासाठी अर्ज लिहिला. बोर्डाचा नियम असा, की पंचवीस मुलांची यादी हवी. लक्ष्मणराव महिनाभर हिंडले. पूर्वी धाक घालून फिरायचे त्याच दारांत आता विनवण्या करत उभे राहिले. रावेतच्या सोजराबाईनं नातीचं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून परत घेतलं. ताथवड्याच्या एका पाटलानं तर तोंडावर विचारलं, “सक्ती हाय का? न्हाई ना? मग कशापायी गळी पडता?” नूरमोहम्मद कल्हईवाल्यानं मात्र आपली गौहर हौसाबरोबर बसेल म्हणून लगेच अंगठा उठवला. सगळं धरून यादी एकोणीसवर अडली.

तसाच अर्ज घेऊन ते पुण्याला बोर्डाच्या साहेबांपुढं उभे राहिले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज पुरता वाचला.

“गराडे, एकोणीसांवर वर्ग कसा देऊ? आणि दिला तरी मास्तर कुठून आणू? चौथीपर्यंतचेच पुरत नाहीत.”

“साहेब, मुलगी अकरा गावांत पहिली आहे.”

“अहो, असेल. पण तुमचं काम सात ते अकरा. त्यापुढचं ज्याच्या त्याच्या घरचं.”

लक्ष्मणरावांनी नमस्कार केला.

घरी आल्यावर त्यांनी कुसुमताईंना सगळं सांगितलं. पण लक्ष्मणरावांच्या मनात आणखी एक गोष्ट आठवडाभर घोळत होती. चिंचवडची शाळा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. हौसाला आपल्याकडं आणून ठेवली तर? दोन खोल्या, चार मुलं, अंथरुणाला खिळलेली आई. कुसुमताईंचे हात दिवसभर रिकामे नसायचे. शिवाय आईला ही भट्टीवरची पोर स्वयंपाकघरात चालली नसती, हेही त्यांना ठाऊक होतं. कुसुमताई ताट वाढून समोर बसल्या होत्या. विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाल्याही असत्या. लक्ष्मणरावांनी दोनदा मान वर केली आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं.

जूनमध्ये शाळा उघडल्या. हौसा भट्टीवर रचून ठेवलेल्या विटा वाहू लागली. लक्ष्मणराव दिसले की पूर्वीसारखी धावत यायची, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन. “दादा, आला का वो कागुद पाचवीचा?” ते म्हणायचे, “लिहिलंय पुन्हा.” खरंच लिहिलं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर तिनं विचारायचं सोडलं आणि त्यांनी नदीकाठच्या वाटेनं जायचं सोडलं. लांबच्या वाटेनं देवळाकडं जाऊ लागले.

अठ्ठावन्नच्या वैशाखात चाकणकडच्या एका गाडीवानाशी हौसाचं लग्न झालं. लक्ष्मणराव लग्नाला गेले. अंबूबाईनं त्यांना मानानं पुढं बसवलं, हातात नारळ दिला.

“दादा, तुमच्यामुळं पोरगी चार बुकं शिकली. तुमचे उपकार हायती.”

त्यांना ते ऐकवेना. ती शिव्या घालती तर बरं झालं असतं. हौसा मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसली होती. त्यांच्याकडं तिनं पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर त्यांना कळलं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात सक्तीच्या शिक्षणाचा लाभ झालेल्या मुलींची यादी द्यायची होती. बोर्डाच्या कारकुनानं हौसाचं नाव अगदी वर घातलं : सक्तीनं दाखल, चौथी उत्तीर्ण, केंद्रात प्रथम. लक्ष्मणरावांनी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली, ‘पुढील वर्गाची सोय नसल्याने शिक्षण बंद.’ कारकुनानं ती वाचली.

“राव, हा रकाना हजेरीच्या शेऱ्यापुरता आहे. हे इथं नाही बसत.”

“मग कुठं बसतं?”

कारकुनानं अहवालाची पानं मागं-पुढं उलटून पाहिली. खरोखरच शोधलं त्यानं. मग ती ओळ खोडली. लक्ष्मणरावांनी खाली सही केली आणि रावेतच्या नव्या नोटिशी मोजून घेतल्या.