सासूबाईंनी न लिहिलेलं पान

इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या बाहेर, एम-फोर हायवेच्या कडेला आमचं ऑफिस होतं. मी तिथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. त्या वर्षांत ख्रिसमसच्या सुमारास हमखास एखाद्या जाडजूड अद्भुत कादंबरीवरचा सिनेमा यायचा आणि अख्खं ऑफिस तो बघून यायचं. मग जानेवारीभर कॅन्टीनमध्ये एकच विषय. आता कुठल्या पुस्तकावर सिनेमा व्हायला हवा? कुणी यंत्रमानवांच्या बंडाचं पुस्तक सुचवायचं, कुणी ड्रॅगनचं. एकदा माझ्यावर वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "माझ्या सासूबाईंनी एक कादंबरी लिहिली आहे. तिच्यावर व्हायला हवा."

सगळे हसले. टीममधली एक मैत्रीण तेवढी हसली नाही. "कशाबद्दल आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं. दूरच्या एका बर्फाळ उपग्रहावर माणसांची छोटी वस्ती आहे. बर्फात खोल खणलेल्या एका विहिरीच्या पाण्यावर ती जगते. विहिरीची राखण करणाऱ्या बाईला एक दिवस खालून ठकठक ऐकू येते. ती वरून ठकठक करते, खालून उत्तर येतं. तिकडे वस्तीला पाणी कमी पडत असतं आणि आणखी खोल खणायचं ठरलेलं असतं.

मैत्रिणीने सँडविच खाली ठेवलं. तिचा भाऊ लंडनमध्ये एका छोट्या फिल्म कंपनीत होता. पुस्तकं वाचायची आणि कुठल्यावर सिनेमा होईल ते वरच्यांना सांगायचं, हेच त्याचं काम. "इंग्लिशमध्ये आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. नव्हती.

माझ्या सासूबाई कराडला शाळेत विज्ञान शिकवायच्या. चाळिशीत त्यांनी ही एकच कादंबरी लिहिली. एका लहान प्रकाशकाने ती काढली, थोड्याफार लोकांनी वाचली आणि विषय संपला. लग्न झाल्यावर मी ती एका बैठकीत वाचून काढली होती. त्यांना तसं कधी सांगितलं मात्र नव्हतं. आमच्यात तशी बोलण्याची सवयच नव्हती. निवृत्त झाल्यावर त्या दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायच्या. दुकानात काही विचारायचं असलं की मला पुढे करायच्या. आईंना इंग्लिश बोलता येत नाही, असं आम्ही घरात धरूनच चाललो होतो.

फेब्रुवारीपासून मी लंचचा तास गाडीत काढू लागले. कार पार्कमध्ये, हीटर लावून, मांडीवर वही आणि वहीत कादंबरीचं भाषांतर. एकेक प्रकरण झालं की टाइप करून त्या भावाला पाठवायचं. त्याची उत्तरं छोटी असायची, पण लगेच यायची. छान आहे, पुढचं पाठव. एप्रिलमध्ये त्याने लिहिलं, "शेवटाची वाट बघतोय. सगळं शेवटावर आहे."

त्या एका वाक्याने मी घाबरले. शेवट मला माहीत होता. बाई विहीर कायमची बंद करते. आणखी खणलं तर खाली जे कोणी आहे ते मरेल, हे तिला कळलेलं असतं. वस्तीला आता गाशा गुंडाळून परत जावं लागणार. ती बर्फाला कान लावते, थोडा वेळ थांबते आणि उठून चालायला लागते. बस. खाली कोण होतं ते वाचकाला कळत नाही, तिलाही कळत नाही.

मला वाटलं, हे वाचून तो फाइल मिटेल. एवढी वाट बघायला लावली आणि दाखवलं काहीच नाही! आणि खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत ते पुस्तक थोडं माझंही वाटायला लागलं होतं. मी एक पान लिहिलं. बाई विहीर बंद करण्याआधी दोराने खाली उतरते. पाण्याच्या तळाशी निळा उजेड दिसतो आणि त्या उजेडात तळहातांसारखे आकार वर येताना दिसतात. एका लंचच्या तासात ते लिहून झालं. इतक्या सहज मला आजवर काही लिहिता आलं नव्हतं. मी ते जोडलं आणि पाठवलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन. "शेवटचं पान वाचताना माझं स्टेशन चुकलं," तो म्हणाला. त्याच्या बॉसनेही वाचलं होतं. लेखिका मेमध्ये इंग्लंडला येणार आहे हे त्याला माहीत होतं. त्यांना तिला भेटायचं होतं.

सासूबाई आल्या त्याच आठवड्यात मी त्यांना मीटिंगचं सांगितलं, पानाचं नाही.  त्यांनी उठून बॅगेतून पुस्तकाची प्रत काढली, टेबलावर ठेवली आणि चहा करायला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागदावर मुद्दे काढायला सुरुवात केली. सिनेमावाले काय काय विचारतील आणि आपण काय सांगायचं.

नवऱ्याला मात्र मी सगळं सांगितलं. आम्ही गाडीतून आठवड्याचं सामान आणायला चाललो होतो. त्याने गाडी कडेला घेतली. "आधी सांग तिला," तो म्हणाला. "तिला हे चालणार नाही."

"मीटिंग होऊ दे. त्यांनी हो म्हटलं की सांगते. मग त्यांना वाईट नाही वाटणार."

"तू ओळखत नाहीस तिला."

"मग तू सांग."

"लिहिलंय तू," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मीटिंगच्या आधी नऊ दिवस होते. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. सासूबाई न्याहारीला यायच्या ते हातात मुद्द्यांचा कागद घेऊनच. "पृथ्वीवरनं पाणी का नाही नेत, असं विचारलं तर?" त्या मला विचारायच्या. मी उत्तर द्यायचे, डबा भरायचे आणि निघायचे. शेवटच्या दोन दिवसांत मला नीट जेवण जात नव्हतं. सासूबाईंना वाटलं, मला त्यांच्या मीटिंगचं टेन्शन आलंय. "अगं, एवढं काय," त्या म्हणाल्या. "नाही तर नाही."

त्या दिवशी आम्ही सकाळची लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनची गाडी पकडली. त्यांनी नारळी काठाची साडी नेसली होती आणि वरून माझा रेनकोट घातला होता. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटाबद्दल काही म्हणाले का गं ते?"

"आवडला म्हणाले. खूप."

त्या हसल्या. अगदी मोकळ्या हसल्या आणि खिडकीकडे वळल्या. सांगायची ती शेवटची वेळ होती आणि मला ते कळतही होतं. समोरच्या सीटवरचा माणूस पेपर चाळत होता. एवढ्या लोकांत कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

कंपनीचं ऑफिस एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खोलीत तो भाऊ आणि त्याची बॉस, पन्नाशीची एक बारीक बाई. दोघांनी उभं राहून सासूबाईंचे हात हातात घेतले. चहा आला. मी दुभाषी.

सुरुवात बरी झाली. कादंबरी सुचली कशी, हे त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, शाळेच्या आवारात बोअरवेल खणत होते, तेव्हा मुलांना घेऊन त्या लोखंडी पाइपाला कान लावायच्या. खालून येणारा आवाज कसला ते मुलांना ओळखायला सांगायच्या. मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. बॉसला इतकं आवडलं की तिने लिहून घेतलं.

मग ती म्हणाली, "आणि तो शेवटचा प्रसंग! बाई खाली उतरते तो. तो आधीपासून मनात होता, की लिहिताना आला?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मराठीत विचारलं, "शेवट आधीपासून ठरला होता का, विचारतायत."

"हो, पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

मी तसं सांगितलं. 

तेवढ्यात भावाने मागच्या टेबलावरून एक मोठा कागद आणला. "एका आर्टिस्टकडून काढून घेतलंय, नुसती कल्पना यावी म्हणून," असं म्हणत त्याने तो सासूबाईंसमोर ठेवला.

काळा बर्फ. लांब दोर. दोराला धरून उतरणारी बाई. तिच्या पायाखाली निळा उजेड आणि त्यात वर आलेले कितीतरी तळहात.

चित्राचं भाषांतर करावं लागत नाही. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला, कागद जवळ ओढला. "हे कुठनं आलं?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी म्हणाले, "आई, सिनेमावाले असं काही काही बदलतात."

आजवर मी जे काही बोलले आहे त्यातलं हे सगळ्यात वाईट वाक्य असेल. पान लिहिलं ते लिहिलं, पण आता मी ते दुसऱ्यांच्या माथी मारत होते. तेही त्या दोघांच्या समोर, त्यांना न कळणाऱ्या मराठीत.

सासूबाईंनी माझ्याकडे एक क्षण बघितलं. मग त्या भावाकडे वळल्या आणि सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी. धिस पिक्चर. व्हिच पेज?"

तो खूश झाला. त्याने टाइप केलेला गठ्ठा उघडला, शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागला. छान वाचत होता. माझी वाक्यं. सासूबाई मान थोडी कलती करून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्याने हसून वर बघितलं.

"धिस पेज," सासूबाई म्हणाल्या, "आय हॅव नॉट रिटन."

 दोघांच्याही नजरा माझ्याकडे वळल्या.

"मी लिहिलं," मी इंग्लिशमध्ये म्हणाले. मग तेच मराठीतही म्हणाले, कारण ते मराठीत म्हणायला हवं होतं.

बॉसने पेन खाली ठेवलं. तिने सासूबाईंची माफी मागितली, जिचा काही दोष नव्हता तिने. मग शांतपणे विचारलं, हा शेवट तुम्ही मान्य करू शकाल का? कारण सिनेमा त्यांना दिसला होता तो याच पानामुळे. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "अख्ख्या पुस्तकात तिला खाली जायचंय. तिच्याएवढं कुणालाच जायचं नाहीये. तरी ती जात नाही. ती गेली तर खणणाऱ्यांच्यात आणि तिच्यात फरक काय राहिला? आणि मी जसं बोलले तसं सांग."

मी सांगितलं.  बॉसने ऐकून मान हलवली. खरा शेवट पाठवा, आम्ही वाचू, असं म्हणाली. दारापर्यंत सोडायला ती सासूबाईंबरोबर आली, भाऊ माझ्याबरोबर आला नाही.

परतीच्या गाडीत स्लाउ गेलं, मेडनहेड गेलं. सासूबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मी दोनदा "आई" म्हटलं आणि पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याच बोलल्या.

"दिवाळी अंकाला दिली होती मी ही आधी," त्या म्हणाल्या. "संपादक म्हणाले, खाली कोण आहे ते दाखवा, छापतो. चार महिने पत्रं चालली आमची. मी नाही म्हटलं, त्यांनी नाही छापली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "निदान त्यांनी मला विचारलं होतं."

रीडिंग येईपर्यंत मी रुमाल तोंडाला लावून बसले. त्यांनी समजूत घातली नाही आणि ते योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी खाली आले तर त्या डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या. एका बाजूला मराठी पुस्तक, दुसऱ्या बाजूला माझं इंग्लिश, मध्ये डिक्शनरी आणि पेन्सिल. "आणखी कुठे कुठे?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. अकरा ठिकाणं निघाली. कुठे एक वाक्य वाढवलं होतं, कुठे एक उतारा गाळला होता, एका ठिकाणी बाईच्या तोंडी विनोद घातला होता. दोन वीकएंड आम्ही तिथे बसलो. त्या विचारायच्या, "हे का केलंस?" आणि मला खरं कारण सांगावं लागायचं. बहुतेक वेळा कारण एकच असायचं. मला भीती वाटली होती, वाचणारा कंटाळेल. त्या ऐकायच्या आणि काट मारायच्या. दोन ठिकाणी मात्र त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. "हे राहू दे," म्हणाल्या. "हे माझ्यापेक्षा बरं आहे." तो विनोदही त्यांनी ठेवला असता, पण मीच काढून टाकला.

नवं हस्तलिखित पाठवलं. तीन आठवड्यांनी बॉसचं उत्तर आलं. मी ते ऑफिसात प्रिंट केलं आणि घडी घालून घरी आणलं. सांगायची भीती याही वेळी वाटली, म्हणून मी सांगितलंच नाही. कागद सरळ त्यांच्या हातात दिला. त्या खिडकीपाशी उभ्या राहून वाचू लागल्या. दोनदा वाचलं. तिने लिहिलं होतं की खरा शेवट जास्त चांगला आहे, पण त्यावर सिनेमा उभा करायची ताकद आपल्या कंपनीत नाही.

"नीट लिहिलंय बाईंनी," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "उत्तर द्यायला हवं. बस, लिही."

मी कॉम्प्युटरपाशी बसले. त्यांनी मराठीत चार वाक्यं सांगितली. आभार, चहाबद्दल, वेळेबद्दल आणि त्या चित्रकाराला नमस्कार, कारण चित्र सुंदर होतं. मी इंग्लिशमध्ये टाइप केलं आणि माउसकडे हात नेला.

"थांब," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, चष्मा पुसला आणि स्क्रीनवरची पहिली ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या.