अक्कांचं खातं

१४ जून २००६. आज सर्व्हरवर कार्डाची सक्ती सुरू करायची होती. आमची बियाण्यांची कंपनी. सर्व्हर हुबळीत, देशपांडे नगरच्या ऑफिसात. धारवाड शाखेतली माणसं तिथल्या टेबलावरून याच सर्व्हरवर काम करायची. आतापर्यंत नाव आणि पासवर्ड टाकला की आत. यापुढे चिपचं कार्ड यंत्रात सरकवायचं, पिन टाकायचा; कार्ड काढलं की काम बंद. कार्डं तयार होती. आत कोण कोण आहे ते पाहायला मी यादी उघडली.

यादीत अक्का होत्या. चालू.

अक्का म्हणजे धारवाडच्या जुन्या हिशेबनीस. फेब्रुवारीत वारल्या, त्यांच्या तेराव्याला मी जेवून आले होते. खातं बंद करायची चिठ्ठी मात्र शाखेकडून आली नव्हती, आणि चिठ्ठीशिवाय मी कुणाचं खातं बंद करत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला दुसऱ्याचा पडदा आपल्या पडद्यावर पाहता येतो. मी पाहिला. माऊसचा बाण सावकाश सरकत होता. एक कोरं पान उघडलं, त्यावर 'श्री' उमटलं, पान न साठवताच मिटलं, आणि मग ऑर्डरी उघडल्या. अक्का रोज सकाळी असंच करायच्या.

मला भुताखेतांचं काही नाही. तरी उठून एसी बंद केला आणि खोलीचं दार सताड उघडं टाकलं. मग धारवाडला फोन लावला. उचलला तो रोजंदारीवरच्या बाईने. अळणावरकडून रोज रेल्वेने यायची, अक्कांच्या हाताखाली शिकलेली.

"अक्कांच्या खात्यात कोण बसलंय?"

"मीच की हो, मॅडम."

"कधीपासून?"

"त्या गेल्यापासून. पासवर्ड त्यांनीच दिलेला, इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माल सोडायचा हक्क त्यांच्याच नावाला. त्या गेल्या म्हणून पेरणी थांबते होय?"

"आणि ते श्री?"

"अय्यो, तुम्ही बघितलात?" आवाज खाली आला. "त्यांच्या नावानं बसायचं आणि श्री घालायचं नाही, कसं चालेल? एकदा विसरले. दिवसभर पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटत होतं."

मी माझी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

"मॅडम, आजपासून कार्ड म्हणे. रोजंदारीवाल्यांना नाही म्हणे. मग उद्यापासून येऊ नको काय मी? सांगा, म्हणजे दुसरीकडं बघते."

"संध्याकाळपर्यंत थांब," म्हटलं. फोन ठेवला, तरी पडद्यावर अक्का माल सोडतच होत्या.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "रोजंदारीच्या बाईला कार्ड? उद्या चहावाल्यालाही द्याल."

"तो माल सोडत असेल तर देईन. चार महिने तुमचा माल एक मयत बाई सोडतेय, साहेब. ते कार्ड रोजंदारीच्या बाईला द्यायचं की अक्कांना, तेवढं सांगा."

त्यांचा विश्वास बसेना. सर्व्हरच्या खोलीत आले, माझ्या शेजारी उभे राहिले. पडद्यावर अक्कांचं नाव, बाण एका ऑर्डरीवरून दुसरीवर. साहेब अक्कांबरोबर वीस वर्षं काम केलेले. म्हणाले, "बंद करा हो ते." दारापर्यंत जाऊन वळले. "तिला द्या. यापुढं तिच्या नावानं."

सक्ती एक दिवस पुढे ढकलली, तिला फोनवर तसं कळवलं आणि दुपारभर बसून तिचं कार्ड केलं. पाचच्या सुमारास अक्कांचं नाव यादीतून आपोआप गेलं. मी यादी पुन्हा एकदा उघडून पाहिली, कशासाठी ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खातं बंद केलं, सक्ती चालू केली आणि बस धरून धारवाडला गेले. ती अक्कांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली होती, खुर्ची रिकामी.

"खुर्चीवर बस," म्हटलं.

ती बसली. माझ्याकडून कार्ड घेऊन यंत्रात सरकवलं. "पिन काय घालू, मॅडम? तुम्हीच सांगा की."

"तुझा तू ठरव. मला सांगू नको, कुणालाच सांगू नको." आणि तिचं होईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.