लेकरांसाठी भांडणारी बाई

मुखेडहून उदगीरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पुढच्या सीटवरच्या आजीनं वळून विचारलं, "काय काम करतीस गं?"

"लढाईतून जीव वाचवून आपल्या देशात आलेली लेकरं असतात, आजी. त्यांना शाळेत घ्या म्हणून दिल्लीत सायबांशी भांडते. केस काळे होते तवापासून."

बोलताना तिची मूठ वळायची, डोळे मात्र हसायचे.

तेवढ्यात फोन आला. ऐकता ऐकता ती उभीच राहिली. कधीपासून प्रवेश अडलेली त्यातलीच एक मुलगी आज शाळेत बसली होती! माहेरी न्यायचे पेढे तिनं अख्ख्या बसला वाटले.

पेढा चघळत आजी म्हणाली, "चल, सुटलीस बाई."

"कुठलं सुटते, आजी! आता गणित येईना म्हणून तिचेच फोन येतील," म्हणत ती खळखळून हसली.