पाण्याजवळचा खांब

माझा थोरला भाऊ फौजेतून रिटायर झाला, सांगलीत फ्लॅट घेतला आणि आप्पांना तिथं आणून ठेवायचंच असा त्यानं हट्ट धरला. आप्पा जतकडचं गाव सोडायला तयार नव्हते. आई गेली होती, मेंढरं विकून झाली होती, सगळ्या कळपातलं एक म्हातारं कुत्रं तेवढं मागं उरलं होतं. "ह्ये फ्लॅटात ऱ्हाईल व्हय?" एवढंच विचारून आप्पा विषय संपवायचे. भावाचा त्या कुत्र्यावर मनापासून राग होता.

तरीही आम्ही तिघं कोकणात फिरायला निघालो तेव्हा कुत्रं जीपमध्ये होतं. त्याच्याशिवाय आप्पा उंबरा ओलांडत नसत.

खाडीत एक लहानसं बेट होतं, पक्ष्यांसाठी राखलेलं खारफुटीचं रान. बेटावर पाळीव जनावरांना बंदी आहे, असं होडीवाला म्हणाला आणि इंजिनाशी झटापट करायला लागला.

"रूल म्हंजे रूल. बांधा हितंच," भाऊ म्हणाला.

"जीपमध्ये ठेवूया की," मी म्हणाले.

"सीटा घाण करंल."

वर नारळाखाली चांगली सावली होती. पण जनावर पाण्याच्या जवळ बांधायचं, ही आप्पांची जन्माची रीत. टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात जनावरावर याहून मोठी माया कुठली करणार? पाणी पार ओसरलं होतं. खाली चिखलात एक जुना खांब होता, त्याला त्यांनी कुत्रं बांधलं. खेकड्यांमागं जाऊन रुतू नये म्हणून दोरी आखूड ठेवली. मेंढक्याची गाठ, ओढली की आणखी घट्ट बसणारी.

"खारं असलं तरी पाय गार ऱ्हातील त्याचं," आप्पा खुशीत म्हणाले. भाऊ शेजारीच उभा राहून बघत होता.

होडीवाल्यानं आम्हाला बेटावर चिखलात उतरवलं. भरती आली की थेट धक्क्याला होडी लावतो, असं सांगून तो दुसऱ्या गावाला निघून गेला.

तिथला राखणदार हौशी होता. त्यानं बगळ्यांची घरटी दाखवली, चिखलावर उड्या मारणारे मासे दाखवले. मग खारफुटीच्या खोडांवरची मातकट रेघ दाखवून म्हणाला, "भरतीला पाणी इथपर्यंत येतं."

रेघ आप्पांच्या छातीला लागत होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"पल्याडबी?"

"सगळीकडेच, काका."

आप्पांनी जन्मभर पाणी खाली जाताना बघितलेलं. विहिरीतलं, तळ्यातलं, बोअरमधलं. ते चढून येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते धक्क्याकडं पळाले. पलीकडून भुंकणं ऐकू येत होतं. राखणदारानं होडीवाल्याला फोनवर फोन केले, तो उचलेना. आप्पा सरळ चिखलात शिरले आणि मांडीपर्यंत रुतले. भावानं आणि राखणदारानं त्यांना ओढून काढलं. तिथंच बसून ते पाण्याकडं बघत राहिले. मग भुंकणं थांबलं. होडी त्यानंतर आली.

आप्पांना होडीत बसवताना मला एकदम आठवलं, भावाचं एक पोस्टिंग बंदराच्या गावात झालं होतं. मी त्याला बाजूला घेतलं. "तुला भरती ठाऊक होती."

त्यानं नजरही चुकवली नाही. "कुत्रंच हुतं गं. आज न्हाई तर उद्या मरायचंच की."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नाही दिली.

पाणी उतरल्यावर आप्पांनी ओली गाठ दातांनी सोडवली. भावानं चाकू पुढं केला होता, त्यांनी घेतला नाही.

आता ते सांगलीला असतात. पाहुणे आले की भाऊ हसत सांगतो, "समुद्र दावला आन् आप्पा निमूट आलं बगा." मी गेले की आप्पा मला जवळ बसवतात आणि दर वेळी तेच म्हणतात, "पोरी, माज्या हातानं बांधलं गं मी. माज्याच हातानं."

खरं काय ते माझ्या जिभेवर येतं. पण गाव सुटलं, कुत्रं गेलं, आता पोरगाही त्यांच्याकडून कसा काढून घेऊ? आतून भाऊ चहा घेऊन येतो. आप्पा त्याच्याकडं बघून म्हणतात, "ह्यो हाय म्हणून बरं हाय बग."