दोरीकाकांचा कप आणि भोचक सेनापती

भोचक हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पण वसतिगृहात कोणी तिला खऱ्या नावानं हाक मारली, तर ती आधी मागे वळून बघायची, नवीन मुलगी आली की काय म्हणून.

नववीतली मुलगी. अंगानं काडी. डोळे मात्र असे, की समोरच्याला उगाच वाटावं आपण काहीतरी केलंय. त्या निवासी शाळेत मी संमेलनाचं नाटक बसवायला गेले, तेव्हा पहिल्याच भेटीत तिनं मला गाठलं.

"आजी, तुम्ही सपाट जमिनीवर लंगडता. जिन्यावर लंगडत नाही. असं का?"

आता काय सांगायचं? शेवटच्या नाटकात मी लंगडी म्हातारी होते. भूमिका गेली, लंगडणं राहिलं. आणि जिना काही त्या नाटकात नव्हता. एवढा हिशेब उभ्या जन्मात माझ्या स्वतःच्या लक्षात आला नव्हता. मी तिला तिथल्या तिथे सेनापतीचं काम देऊन टाकलं.

तिची आई शिवणयंत्रं दुरुस्त करायची. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. मुलीनं तिथे बसून एकच विद्या उचलली होती. यंत्र बंद पडलं, की तेल, सुई, पट्टा सगळं नंतर. आधी विचारायचं, शेवटचा हात कोणाचा लागला. या एका प्रश्नावर भोचकनं वसतिगृहातली मोज्यांची चोरी उघडकीला आणली होती (मांजर व्यायली होती, तिला अंथरूण हवं होतं) आणि साबणाचीही (एक पाचवीतला मुलगा, त्याला फेस कसा लागतो ते बघायचं होतं). त्यामुळे तिचा स्वतःवर फार विश्वास बसला होता.

मोठं प्रकरण तिच्या वाट्याला आलं ते तालमीच्या वेळी. सभागृहात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोरीकाकांना शोधत आल्या. दोरीकाका हे शाळेचे जुने शिपाई. त्यांच्याकडे दोनच कामं होती: घंटेची दोरी ओढायची आणि स्टेजच्या पडद्याची दोरी ओढायची. म्हणून ते नाव.

"काका, संमेलनानंतर तुम्ही निवृत्त होताय," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाटक संपलं की तुमचा सत्कार करणार आहोत. स्टेजवर. नाही म्हणायचं नाही."

"नाही," दोरीकाका म्हणाले.

"अहो, भिंतीवरचं घड्याळ आणलंय तुमच्यासाठी."

"घड्याळ द्या कोणाला तरी. बाई, त्या स्टेजवर कप पोचवायला मला पाठवलं होतं. कप पोचला नाही. तो सापडल्याशिवाय मी वर पाय ठेवायचा नाही. मी आपला मागच्या फाटकानं जाईन."

असं म्हणून ते निघाले आणि दारात थांबून त्यांनी दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. ही त्यांची जुनी सवय. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना तळहात दाखवायचे, बघा, काही नेत नाही. मुलं त्याला हसायची, कारण मुलांना तो नमस्काराचा एक प्रकार वाटायचा.

भोचक हसली नाही. वसतिगृहात ती पहिल्यांदा आली होती, तेव्हा संध्याकाळी घरच्या आठवणीनं रडत घंटेखाली उभी राहायची. दोरीकाकांनी एकदा दोरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे, ओढ. बरं वाटेल." तिनं इतकी ओढली, की अख्खी शाळा ताटं घेऊन भोजनगृहात आली आणि स्वयंपाक अजून चुलीवरच होता. तिला मात्र बरं वाटलं होतं.

"काय झालं होतं त्या कपाचं?" तिनं मला विचारलं. मी नवखी, मला काय माहीत. मग ती सरळ दोरीकाकांकडेच गेली. मीही गेले. खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचं होतं.

प्रकरण असं. दोरीकाका तरुण होते तेव्हाचं. साऱ्या शाळांच्या खेळांच्या स्पर्धेत या शाळेनं चांदीचा फिरता चषक जिंकला होता. संमेलनाच्या दिवशी नाटकानंतर पाहुण्यांच्या हस्ते तो कर्णधाराला द्यायचा होता. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून कप दोरीकाकांच्या हातात दिला. दोरीकाकांनी तो विंगेतल्या टेबलावर ठेवला आणि पडद्याच्या दोरीशी गेले. नाटक झालं, पडदा पडला, पाहुणे उभे राहिले, टाळ्या झाल्या. कप नाही. पोलीस आले. मुलांच्या ट्रंका उघडल्या, पिठाचे डबे उपसले. नाटकाच्या सामानाची पेटीही उघडली, पण मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्यात सगळं खोटंच आहे," आणि झाकण पुन्हा लावलं. दोरीकाकांना कोणी चोर म्हटलं नाही. फक्त किल्ल्या काढून घेतल्या. दोऱ्या राहिल्या.

"शेवटचा हात कोणाचा लागला?" भोचकनं विचारलं.

"माझा."

"तुमच्यानंतर?"

"नंतरही माझाच, असं लोकांना वाटतं."

मिरची चावल्यासारखं तिचं तोंड झालं. आईची विद्या, आणि तिनं बोट दाखवलं ते नेमकं या माणसाकडे.

"कप केवढा होता?"

दोरीकाकांनी हातांनी दाखवलं, "एवढा." हात बरोबर तिच्या डोक्यावरच्या टोपाभोवती आले.

हो, टोप. ते सांगायचं राहिलंच. सेनापतीचा टोप मी त्याच जुन्या पेटीतून काढायला लावला होता. पालथं घातलेलं खोल भांडं, दोन्ही बाजूंना कानांसारख्या मुठी, वर एक देठ, त्यात झाडणीची पिसं खोचलेली. मुलांच्या किती पिढ्यांनी त्यावर रंग चढवला होता. कधी ते राक्षसाचं डोकं झालं, कधी विहिरीची बादली, कधी फुलदाणी, आणि एका विज्ञान नाटिकेत चंद्रावर जाणाऱ्या यानाचं टोक. रंगाचे थर गेंड्याच्या कातडीइतके जाड. जुनी बादली कापून केलंय, असं सगळे म्हणायचे.

"आजी, फार जड आहे," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"टोप जडच असतो, राजा," मी म्हटलं. "मान ताठ ठेव. सवय होईपर्यंत काढूच नकोस."

ती गुणी पोर. तिनं काढलाच नाही. सगळा तपास तिनं तो टोप घालून केला.

आधी आचारीमामांना गाठलं. "मामा, चांदी चुलीवर वितळते का?"

"वितळते की."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं ए सेनापती, मला चांदी सापडली असती, तर मी इथे तीनशे पोरांचे कांदे चिरत बसलो असतो का? आणि ती बादली काढ. पिसं पातेल्यात पडतायत."

मग गणिताचे सर. ते याच शाळेत शिकलेले, आणि त्या संध्याकाळी नाटकातही होते. भोचकनं त्यांना वर्गाच्या दारातच अडवलं.

"सर, तुमची भूमिका कोणती होती?"

"मी झाड होतो."

"कुठं उभे होता?"

"विंगेच्या तोंडाशी."

"म्हणजे टेबलाजवळ. मग तुम्हाला दिसलं असणार."

"झाडाला काय दिसणार? डोळ्यांवर पानं होती माझ्या." सर जरा चिडले. "मला एवढंच आठवतंय, की पडदा पडल्यावर सामानवाल्या मुलांनी मला उचललं आणि पेटीत कोंबायला निघाले. मी ओरडलो म्हणून वाचलो."

"का ओरडलात?"

"श्वास घ्यायला."

भोचकनं मान हलवली. टोप डोळ्यांवर घसरला. तिनं तो वर केला आणि मला म्हणाली, "आजी, सर काहीतरी लपवतायत." दोन दिवस ती सरांच्या मागावर होती. सर पान खात होते, एवढंच निघालं.

संमेलनाच्या दुपारी ती माझ्यापाशी येऊन बसली. कपाळावर टोपाचा लाल वळ.

"मला नाही जमलं, आजी. काका उद्या मागच्या फाटकानं जाणार."

मी म्हटलं, "आता तू सेनापती आहेस. रडलीस तर तोंडाचा रंग ओघळेल." तिनं नाक पुसलं आणि विंगेत जाऊन उभी राहिली.

नाटक होतं एका राजाचं. त्याला युद्धाला जायचंय, पण जोडे सापडत नाहीत, म्हणून तो सेनापतीला धाडतो. राजाचं काम करणाऱ्या मुलाला सगळे डुलकी म्हणायचे. उंची आणि आवाज देवानं दिलेला, पण बसला की झोपायचा, आणि सिंहासनावर बसावं तर लागतंच. तालमीत आम्ही तलवारीच्या जागी फूटपट्टी वापरली, कारण तलवारीचा रंग त्याच दिवशी वाळला. लाकडाची तलवार, वरून लोखंडी पट्टी. राजानं सेनापतीच्या खांद्याला ती हलकेच लावायची आणि म्हणायचं, "जा, जिंकून ये."

डुलकीला जाग आली ती त्याच्या वाक्याला. दचकून उठला आणि खांदा सोडून त्यानं तलवार सेनापतीच्या डोक्यात घातली.

टण्ण.

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला तो आवाज. पुठ्ठा फट् वाजतो, पत्रा खड् वाजतो. हा आवाज नुसता वाजला नाही, बराच वेळ हवेत राहिला. टोपावरून रंगाचा एक जाड पापुद्रा सुटून खाली पडला.

"पुन्हा मार," भोचक म्हणाली.

हे नाटकात नव्हतं. डुलकीनं माझ्याकडे पाहिलं. मी विंगेतून जोरात मान हलवली, नाही, नाही. त्यानं ती हो समजून आणखी एक हाणली. टण्ण. आणखी एक पापुद्रा.

"महाराज, माझ्या डोक्यावर काय आहे?"

"टोप."

"नीट बघा."

"चकाकतंय." राजा वाकला. "सेनापती, तुझ्या डोक्यावर अक्षरं आहेत. पण उलटी."

"मग उलटा होऊन वाच."

राजानं खरंच कमरेत वाकून मान खाली घातली. त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट खाली पडला. फट्. प्रेक्षकांना वाटलं हे सगळं नाटकातलंच. असा हशा मला माझ्या भरात असताना मिळाला नव्हता.

"आंतर... शालेय..." डुलकी अक्षरं लावत गेला. "फिरता... चषक."

हशा एकदम थांबला. पहिल्या रांगेत गणिताचे सर उभे राहिले. "पेटीत," ते म्हणाले. "अहो, विंगेत जे दिसेल ते पेटीत घालत होते. मला घालत होते, तर कप काय सोडतील?"

भोचक गर्रकन वळली, पडद्याच्या दोरीकडे. दोरीकाका दोन्ही हातांनी दोरी धरून उभे होते, आणि ती दोरी सोडली तर पडदा पडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"काका, कप सापडला."

"कुठंय?"

"माझ्या डोक्यावर."

"थट्टा करू नकोस, पोरी."

"शप्पथ. या ना, बघा."

"तू आण इकडं. मी स्टेजवर यायचा नाही."

तिनं टोप ओढला. निघेना. डुलकीनं ओढला. तिची मानच लांब झाली, टोप जागचा हलला नाही. चेहऱ्याला लावलेला रंग घामानं भिजून डिंकासारखा धरला होता. इतके दिवस खाली घसरणारा टोप नेमका आज अडला.

"काका, निघत नाहीये," ती रडकुंडीला आली. "नाटक अडलंय. शेवटचा हात तुमचाच लागला होता ना? मग तुम्हीच काढा."

दोरीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात शेकडो जणांना एंट्रीला ढकललंय. "जा," मी म्हटलं. "तुमची वेळ आहे."

त्यांनी दोरी सोडली आणि ते स्टेजवर आले. त्यांच्या मागे पडदा धाडकन खाली आला. राजा, सिंहासन, आख्खं सैन्य आत. बाहेर प्रेक्षकांसमोर दोरीकाका आणि भोचक दोघंच. त्यांनी मुठी दोन्ही हातांनी धरल्या, जरा डावीकडे फिरवलं, आणि बाटलीचं बूच निघावं तसा टोप निघाला. भोचक मागच्या मागे बसली.

दोरीकाका कप उलटसुलट करून बघत राहिले. मग पिसं काढून त्यांनी खिशात ठेवली आणि पायऱ्या उतरून सरळ मोठ्या बाईंसमोर गेले.

"स्टेजवर पोचवायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."

मोठ्या बाईंनी कप घेतला. त्यांच्या साडीला काळा रंग लागला, तो शेवटपर्यंत निघाला नाही, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

नाटक तिथेच राहिलं. पडदा वर करायला कोणी नव्हतं. दोरीकाकांचा स्टेजवर सत्कार चालला होता. नंतर मी आत जाऊन बघितलं, तर सैन्य जमिनीवर बसून सामानातली खोटी फळं एकमेकांना मारत होतं आणि राजा सिंहासनावर गाढ झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीकाका निघाले, पुढच्या फाटकानं. भोचक घंटेपाशी उभी होती, कपाळावर वळ घेऊन. तिनं दोरी ओढली आणि सगळी शाळा पुन्हा एकदा ताटं घेऊन बाहेर आली. फाटकाशी पोचल्यावर काका सवयीनं थांबले. पण एका काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं, दुसऱ्या हातात ट्रंक. तळहात दाखवायला हात मोकळाच नव्हता. ते क्षणभर गोंधळले, मग घड्याळ जरा वर सरकवून घेतलं आणि तसेच गेले.