आईचं पोट मी बंद केलं होतं

आईला आव पडत होती. श्रावणातलं निंदण, सोयाबीनचं शेत, आणि तहान लागली की धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या विहिरीचं पाणी. निंदायला जाणाऱ्या सगळ्याच बाया ते प्यायच्या. दोघीतिघींना हगवण लागली आणि दोन दिवसांत थांबली. आईची थांबेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरत धरत घरात आली आणि हळूच म्हणाली, "रगत दिसून राह्यलं वं."

मी नुकतीच बीएस्सी होऊन घरी आले होते, मायक्रोबायोलॉजी घेऊन. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली मुलगी. हे मी आजही मान वर करूनच सांगते. वस्तीतली माणसं औषधाच्या पाकिटावरचं वाचून घ्यायला माझ्याकडे यायची.

"वाशीमला दवाखान्यात जाऊ," मी म्हटलं.

आमच्या गावाहून अनसिंगपर्यंत ऑटो, पुढे काळी-पिवळी जीप. कोंबून माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. आई खाटेवरून उठेना.

"गाडीत झालं तं?"

"गाडी थांबवू."

"कुठी थांबवतं? रस्त्यावर बसवतं मले, सगळ्याईच्या पुढं?"

मला गोळी आठवली. जुलाब बंद करायची ती गोळी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. लग्नाच्या वऱ्हाडात कुणाचं पोट बिघडलं की ती या पिशवीतून त्या पिशवीत फिरते, चिठ्ठीबिठ्ठी कुणी मागत नाही. मी चौकातल्या मेडिकलमधून पाकीट आणलं आणि आईला दोन गोळ्या दिल्या. वाशीमला पोचेपर्यंत लागू नये, एवढाच माझा विचार होता.

तासाभरात पोट थांबलं. पोट थांबलं म्हणून जाणंही थांबलं.

"आता बरं वाटून राह्यलं. कायले जाचं वाशीमले?" आई म्हणाली.

"पोरीच्या हाताले गुण हाये," बाबा म्हणाले.

मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, लईच खूश झाले. संध्याकाळी पुन्हा कळ आली तेव्हा तिने मागायच्या आत मी आणखी दोन दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पातळ कमरेला आवळवेना. पोट फुगून टणक झालं होतं, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. रात्रभरात ती एकदाही बाहेर गेली नव्हती. आम्ही तिला काळी-पिवळीत बसवलं तेव्हा गाडीत काय होईल हे तिने विचारलंसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी स्टेथोस्कोप पोटाला एका जागी लावला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बराच वेळ ऐकलं.

"घरी काही औषध दिलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मीठ-साखरेचं पाणी फक्त."

का बोलले तसं? वस्तीची पाकिटं वाचून देणारीने स्वतः आणलेलं पाकीट वाचलं नव्हतं, म्हणून. रक्त पडत असेल, ताप असेल तर घेऊ नये, असं त्यात छापलेलं असतं.

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "काहून सांगत नाई वं? देली ना तुनं गोळी." मग मॅडमकडे वळून, छाती पुढे काढून म्हणाले, "मॅडम, माही पोरगी बीएस्सी हाये. कालच पुरं बंद करून टाकलं होतं तिनं. चार गोळ्या देल्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "कशात बीएस्सी?"

"मायक्रोबायोलॉजी."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी गोळीचं नाव विचारलं, किती वाजता दिली ते लिहून घेतलं, एक्स-रे काढून घेतला. मग म्हणाल्या, "मोठं आतडं फुगलंय. अँटिबायोटिक सुरू करते. संध्याकाळपर्यंत हललं नाही, किंवा पोट आणखी फुगलं, तर अकोल्याला पाठवावं लागेल. ऑपरेशनसाठी. आतडं फाटू शकतं."

सिस्टरने आईच्या पोटाभोवती टेप गुंडाळला, बेंबीजवळ पेनाने खूण केली आणि आकडा लिहिला. दर तासाला ती यायची, त्याच खुणेवर टेप धरायची. टेप गुंडाळताना मी तिच्या तोंडाकडे बघायचे.

मधल्या वेळात मला सगळं आठवत होतं. परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं. आतड्याचं अस्तर म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली पेशींची एकच ओळ. जंतू आत शिरला की याच पेशी आधी ओळखतात आणि रसायनं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक देतात. पांढऱ्या पेशी धावत येतात, अस्तराच्या दोन पेशींमधून अंग चोरून पलीकडे जातात, जंतू गिळतात. या रेटारेटीत ओळ फाटते, म्हणून रक्त. अस्तर शेंबूड सोडतं, पाणी सोडतं, जंतू शिरलेल्या पेशी ओळीबाहेर ढकलून देतं. आणि आतडं हे सगळं खाली लोटतं.

आई ज्याला लाजत होती ते तिच्या अंगाचं निंदणच होतं. उपटलेलं गवत ओल्या शेतात तसंच टाकलं तर पुन्हा मूळ धरतं, ते धुऱ्यापलीकडे फेकावं लागतं. मी फेकणंच बंद केलं होतं. जंतू आतच, आणि पांढऱ्या पेशी येतच राहिलेल्या, तेच अस्तर आणखी फाडत.

"बाबा," मी म्हटलं, "ती गोळी द्यायची नव्हती. तिच्यामुळंच झालं हे."

त्यांना समजायला वेळ लागला. "तुले मालूम होतं?"

"शिकले होते."

ते व्हरांड्यात गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

दुपारी टेपवरचा आकडा वाढला. थोडाच, पण वाढला. सिस्टर मॅडमना बोलवायला गेली आणि कुणीतरी अकोल्याच्या गाडीला फोन लावलेला मला ऐकू आला. मॅडम म्हणाल्या, "अजून एक तास बघू." तो तास मी आईच्या बोटांची नखं मोजत काढला. तिचे डोळे मिटलेले होते.

पुढच्या वेळी टेप तिथेच थांबला. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, सरकवला, आणि एका जागी थांबल्या. मग कानातून काढून माझ्यापुढे धरला. "ऐका."

आधी काहीच नाही. मग खोल कुठेतरी गुडगुड, नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून येते तशी.

आईने डोळे उघडले. "मले जाचं हाये," ती म्हणाली. "का तेबी बंद करतं आता?"

मी सलाईनची बाटली एका हातात उंच धरली आणि दुसरा हात तिच्या काखेत घातला. संडासाच्या दारापर्यंत दहा पावलं असतील; दोनदा थांबलो. आत तिला बसवलं. रक्त होतं, शेंबूड होता, घाण वास होता. मी तिथेच उभी राहून रडायला लागले.

"आई, मी चुकले वं."

"चुकली तं चुकली," ती धापा टाकत म्हणाली. "रडतं कायले? नीट धर मले, पडन मी."