खालच्या आळीतलं घर आणि चार दलाल

घर विकायला काढलं की गिऱ्हाईक येवो न येवो, दलाल येतात. आणि आलेला दलाल एक किस्सा ठेवून जातो. माझ्याकडे एका उन्हाळ्यात इतके साठले की बायका हळदीकुंकवाला आल्या तरी आधी विचारतात, "काकी, तो बैलांचा दलाल सांगा ना." सांगते. पण तो शेवटी.

घर महाडात, खालच्या आळीत. मावशीला मूलबाळ नव्हतं, तिने ते माझ्या नावावर केलं. घर सागवानी, चांगलं. खोड एकच, पावसाळ्यात सावित्री नदी न विचारता आत येते. म्हणून आम्ही माझ्या माहेरी पोलादपुरात उंचावर नवं घर बांधायला घेतलं. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. वर छप्पर नाही. पाऊस लागायच्या आत महाडचं घर विकून कौलं चढवली नाहीत, तर नव्या भिंतींचा चिखल होणार होता. आमचे हे मुंबईला गिरणीत. शिमग्याला आले तेव्हा म्हणाले, "एखादा चांगला दलाल बघ." जसा काय दलाल वांग्यासारखा टोपलीत असतो, दाबून बघायला!

* * *

पहिले तात्या. महाडातले प्रतिष्ठित. आल्या आल्या त्यांनी ओटीच्या भिंतीवरची पुराची रेघ बघितली, चुना मागवला आणि रेघ पुसून टाकली. मला बजावलं, गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे बदली होऊन आलेले कचेरीतले साहेब. त्यांनी विचारलं, इथे पाणी येतं का? तात्या म्हणाले, छे, नदी कुठे, आपण कुठे! साहेबांनी वर बघितलं. माळ्यावर माझं जातं. दरवर्षी कोण वर चढवणार आणि कोण उतरवणार, म्हणून मी ते तिथेच मांडलेलं.

"जातं माळ्यावर कसं?" साहेब म्हणाले.

"वारा लागतो," तात्या म्हणाले. "दळणाऱ्या बाईला घाम येत नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण इतकं वाईट बोलायची लाज वाटते. मी म्हटलं, "पाणी येतं. तुमच्या छातीएवढं. तात्यांच्या नाकाएवढं."

साहेब गेले. तात्यांनी आळीभर सांगितलं, बाईला घर विकायचंच नाही.

* * *

दुसरे बापू. यांचा मूळ धंदा लग्नं जमवायचा. लग्नसराई संपत आली म्हणून घरांकडे वळले. माणूस सज्जन, पण जीभ जुन्या वळणावर गेलेली. गिऱ्हाइकाला माझं घर कसं सांगितलं? "उजळ आहे, उंच आहे, घराणं चांगलं. थोडं वय झालंय, पण अंगानं धडधाकट."

गिऱ्हाईक एकटं येईना. मामा आले, आत्या आल्या, एक आजोबा काठी टेकत आले. बापूंनी मला आतून पोहे आणायला लावले. मंडळींनी पोहे खाल्ले, घराला पुढून बघितलं, मागून बघितलं. आत्याबाईंनी तर माझ्या दाराची कडी दोनदा वाजवून बघितली. उठताना आजोबा म्हणाले, "कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मला स्वतःला तसं दोन घरांनी कळवलेलं आहे!

चार दिवसांनी बापू तोंड पाडून आले. नकार आला होता. मी कारण विचारलं. म्हणाले, "त्यांना जरा धाकटं हवं होतं."

* * *

तिसरा बिरवाडीचा शांताराम. मुंबईत दोन वर्षं काढून आलेला. भर उन्हात कोट. तो घर विकत नसे, "पोझिशन" विकत असे. पूर येतो हे मी त्याला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "डोन्ट वरी वैनी, त्याला आपण रिव्हर व्ह्यू बोलू."

एक दिवस सकाळी निरोप धाडला, संध्याकाळी पार्टी घेऊन येतो. पार्टी म्हणजे आमच्याकडे झेंडेवाली. इलेक्शनला आलेली तेव्हा माझ्या ओटीवर बसून सगळी पानं खाऊन गेली होती. मी शेजारणीची सतरंजी आणली, मोठ्या टोपात चहा टाकला, लोटे मांडले. दाराशी बघ्यांची गर्दी, कोण पुढारी येतो म्हणून.

संध्याकाळी शांताराम आला. त्याच्या मागे छत्री काखेत धरलेला एक वाळका माणूस.

"पार्टी कुठाय?" मी विचारलं.

"हीच पार्टी."

त्या बिचाऱ्याने एवढा चहा आणि एवढी माणसं बघितली आणि चपलासुद्धा न काढता परत फिरला. शांताराम म्हणाला, तुम्ही पार्टी घाबरवली. मी म्हटलं, चहा पिऊन जा, टोप रिकामा व्हायला हवा.

* * *

तोवर वळवाचा पहिला गडगडाट झाला. पोलादपुराहून भावाचा सांगावा आला, भिंतींवर पेंढा टाकलाय, पण पेंढा किती दिवस टिकणार?

तेव्हा आला भिकू. पोलादपुराकडचा, बैलांचा दलाल. सही करता येते याचा त्याला भारी गर्व. कोणाच्याही कागदावर साक्षीदार व्हायला पुढे. गिऱ्हाईक आणलं दासगावचा बांबूवाला. पाणी येतं, असं मी आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, "येऊंदे. बांबू तरंगतो."

भिकूने खांबावर थाप मारली आणि सवयीने सुरू झाला, "बघून घ्या शेट. मारका नाय, लाथ घालत नाय, पोरानं धरला तरी जागचा हलनार नाय."

मग दोघं ओटीवर बसले. भिकूने उपरणं पसरलं आणि त्याखाली दोघांनी हात घातले. बैलाचा भाव असाच ठरतो. जितकी बोटं धरली तितका आकडा. तोंडं गप्प. थोड्या वेळाने भिकू माझ्याकडे वळला. "वैनी, तीन हजाराच्या वर सरकत नाय गिऱ्हाईक. देऊन टाका."

मी बांबूवाल्याचं तोंड बघितलं. ते तीनचं तोंड नव्हतं. माझे आबा जन्मभर बैल विकत आले, बोटांची भाषा मी अक्षरांच्या आधी शिकले. मी पदर खोचला, ओटीवर बसले आणि उपरण्याखाली हात घातला.

आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पण बांबूवाला जुना माणूस. उपरण्याखाली हात आला की उत्तर द्यायचं, हात कोणाचा ते बघायचं नाही, ही त्यांची रीत. त्याने मुकाट माझी चार बोटं धरली.

मग मी भिकूचा हात शोधला. "तीन ना रे?" म्हटलं आणि त्याची तीन बोटं धरली. धरूनच ठेवली. जातं ओढणारा हात आहे माझा. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं, फक्त भिकूचा रंग उतरत होता.

"चार," तो म्हणाला. "चार हाय वैनी, चार."

पाऊस लागायच्या आत कागद झाला. कचेरीत साक्षीदार म्हणून भिकूला पुढे बोलावलं, कारकुनाने टाक दिला. भिकूने तो घेतला नाही. शाईच्या पेटीवर डाव्या हाताचा अंगठा टेकवला.

कारकून ओळखीचा. "काय रे, तू तर सहीवाला! आणि उजव्या हाताला फडकं कसलं? बैलानं लाथ मारली?"

भिकूने माझ्याकडे बघितलंच नाही.

"बैल नाय," तो म्हणाला. "घर मारका निघाला."